एकवीसपैकी सात

गेली तीन वर्षे मी एका साध्या इंग्रजी शब्दाचा मराठी प्रतिशब्द शोधते आहे आणि तो मला सापडलेला नाही. शब्द आहे 'आउटकम'. 'परिणाम' म्हटले तर त्यामागे कारण उभे करावे लागते. 'निष्पत्ती' म्हटले तर ती कोणाच्या तरी प्रयत्नांची असते. 'फलित' या शब्दाला ज्योतिषाचा वास आहे. 'निकाल' हा शब्द उच्चारताच शाळा आणि न्यायालय अशी दोन्ही दारे एकदम उघडतात, शिवाय एखाद्याचा 'निकाल लागणे' म्हणजे काय, हे मराठी माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. एरवी असा शब्द अडला की तो मूळ रूपातच ठेवून पुढे जावे, असे मी विद्यार्थ्यांना सांगते. पण २०२२च्या ऑगस्टमध्ये, हैदराबादेतील एका रुग्णालयात, नवजात अतिदक्षता विभागाच्या दारात एका डॉक्टरांनी हा शब्द मला उद्देशून तीन वेळा वापरला, आणि बाहेरच्या बाकावर बसलेल्या दोन वृद्ध स्त्रियांना, एकीला मराठीत आणि एकीला तेलुगूत, तो मलाच सांगायचा होता. तेव्हा तो मूळ रूपात ठेवून पुढे जाणे शक्य नव्हते.

मी त्या वर्षी तेथील केंद्रीय विश्वविद्यालयात अभ्यागत प्राध्यापक म्हणून गेले होते. माझा धाकटा भाऊ हैदराबादेतच स्थायिक झालेला, वहिनी तेलुगू. आमची आई नांदेडची, निवृत्त शिक्षिका. नांदेड १९५६पर्यंत हैदराबाद राज्यातच असल्यामुळे हैदराबादला जाणे म्हणजे परप्रांतात जाणे, असे तिला कधी वाटलेच नाही. नातीच्या जन्मासाठी ती आठ दिवस आधीच येऊन राहिली होती. मूल पूर्ण दिवसांचे, शस्त्रक्रियेने झालेले, वजनाने चांगले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला धाप लागली. हृदयाची तपासणी झाली. हृदय मोठे झाले होते, पण त्याच्या रचनेत दोष दिसेना. तेव्हा विभागातल्या एका वयस्क डॉक्टर बाईंनी स्टेथोस्कोप छातीवरून उचलला आणि बाळाच्या टाळूवर ठेवला. त्यांनी तो मलाही ऐकू दिला. दूर कोठे तरी जाते फिरत असावे, तसा तो आवाज होता. ज्या टाळूवर आई दुसऱ्या दिवसापासून तेल भरणार होती, त्याच मऊ जागेतून मग ध्वनिलहरींनी मेंदूचे चित्र काढले गेले, आणि चित्राच्या मध्यभागी रक्ताने तट्ट फुगलेली एक पोकळी दिसली.

या विकृतीला 'व्हेन ऑफ गॅलन'ची विकृती म्हणतात. ती अतिशय विरळ आहे. मेंदूतील धमन्यांनी आपले रक्त सूक्ष्म केशवाहिन्यांच्या जाळ्यातून शिरांकडे पोचवावे, ही नेहमीची रीत. येथे मधले जाळे नसतेच. धमन्या थेट एका शिरेत उघडतात आणि रक्त अडथळ्याविना, वेगाने हृदयाकडे परत येते. गर्भात असताना वारेमध्येही असाच कमी अडथळ्याचा मार्ग असतो, त्यामुळे रक्ताची विभागणी होते आणि हृदय कसेबसे निभावते. नाळ कापली की वार संपते, आणि तो सारा ओघ डोक्याकडे वळतो. जन्मणे हेच या मुलांच्या दुखण्याचे तात्कालिक कारण असते. हृदय ढासळते, त्यापाठोपाठ फुप्फुसे, यकृत, मूत्रपिंडे. आणि ज्या मेंदूकडे एवढे रक्त धावते तो मेंदूच उपाशी राहतो, कारण रक्त त्याच्यापाशी थांबतच नाही.

नावाविषयी थोडे विषयांतर करते; या पानांच्या वाचकांना ते खपेल. ही शीर गॅलनची नव्हेच. फुगते ती गर्भावस्थेच्या आरंभी असणारी आणि एरवी तिसऱ्या महिन्याच्या सुमारास लोप पावणारी एक तात्पुरती शीर. हे शार्ल रेबो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली दाखवून दिले, तरीही जुने नाव टिकले. चुकीची व्युत्पत्ती शब्दकोशातून काढता येते, लोकांच्या तोंडातून काढता येत नाही, हा आपला अनुभव तेथेही खराच. मात्र या चुकीत एक योग आहे. पर्गामनचा गॅलन हा दुसऱ्या शतकातला वैद्य. त्याने 'पूर्वज्ञाना'वर, म्हणजे रोग पुढे कसा वळण घेईल हे आधी सांगण्यावर, एक ग्रंथ लिहिला आहे. त्यात त्याची तक्रार अशी की, रोम शहरात वैद्याने अचूक भाकीत केले तर लोक त्याला विद्वान म्हणत नाहीत, चेटक्या ठरवतात. त्याचे नाव चुकून चिकटलेल्या शिरेच्या बाबतीत सगळा प्रश्न पूर्वज्ञानाचाच असावा, हे मला फार नंतर सुचले. त्या रात्री काहीच सुचत नव्हते.

त्या रात्री डॉक्टरांच्या हातात एक कागद होता. पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात पिएर लाझोनियास (मृत्यू २००८) यांनी आपले आयुष्य या विकृतीला वाहिले, आणि नवजात अर्भकाची अवस्था आकड्यात मांडणारे एक कोष्टक तयार केले. हृदयाला पाच गुण, मेंदूला पाच, श्वसनाला पाच, यकृताला तीन, मूत्रपिंडांना तीन, एकूण एकवीस. गुण देण्याची रीत अगदी घरगुती वाटावी अशी आहे. श्वसनाच्या रकान्यात चार आणि तीन यांतला फरक असा: धाप लागलेली असूनही बाळ बाटलीतले दूध संपवते की बाटली अर्धी टाकते. बेरीज बारापेक्षा जास्त आली तर औषधांवर सांभाळून बाळ निदान पाच महिन्यांचे होईपर्यंत थांबावे. आठ ते बारा आली तर तातडीने शिरेत शिरून ती बुजवावी. आठपेक्षा कमी आली तर काही करू नये. कारण मेंदूची हानी बहुधा होऊन गेलेली असते, आणि उपचार वाचवील ते जीवन कसे असेल, याची धास्ती उपचार न करण्याच्या धास्तीहून मोठी असते.

डॉक्टर म्हणाले, बेरीज सात येते. मूत्रपिंडांना शून्य दिले आहे, लघवी झालेली नाही. कोष्टकाप्रमाणे पाहिले तर आम्ही हात लावू नये. पण मी सकाळपर्यंत थांबू इच्छितो. आउटकमविषयी आज काही बोलणे बरोबर नाही.

भाऊ तेव्हा दुसऱ्या मजल्यावर वहिनीपाशी होता. तिला रक्तस्राव होत होता आणि त्याला तेथून हलता येत नव्हते. म्हणून हे सारे मला सांगितले गेले. मी बाहेर आले. आईने विचारले, "काय म्हणाले गं?" मी सांगितले, "सकाळपर्यंत थांबायचं म्हणाले. मग ठरवतील." वहिनीच्या आईंना माझ्या मोडक्या तेलुगूत तेवढेच सांगितले. खाली जाऊन भावालाही तेवढेच. सात हा आकडा मी कोणालाच सांगितला नाही.

मी खोटे बोलले नव्हते. दोन वाक्यांपैकी दुसरे सांगितले, पहिले गाळले. पस्तीस पाने भाषांतर तपासताना गाळलेल्या एका ओळीसाठी मी विद्यार्थ्याला परत पाठवले आहे.

वहिनीच्या आई काही वेळाने स्वतःशीच म्हणाल्या, "तलरात." तेलुगूत 'तल' म्हणजे डोके आणि 'रात' म्हणजे लिहिणे. कन्नडात 'हणेबरह', तमिळमध्ये 'तलैयेळुत्तु'. एकात कपाळावरचे लेखन, दुसऱ्यात डोक्यावरचे. गुजरातीत छठीचे लेख, बंगालीत सहाव्या रात्री येणारा विधातापुरुष, आणि आमच्याकडे सटवाई. आपल्या भाषा एकमेकींशी भांडतात, पण नवजात अर्भकाच्या कपाळावर कोणी तरी रात्री येऊन लिहून जाते आणि ते लेखन आईबापांना वाचता येत नाही, यावर त्यांचे विलक्षण एकमत आहे. या विषयावर मी वर्गात अनेकदा बोलले आहे. त्या रात्री प्रथमच मला असे वाटले की, येथे लेखन खरोखरच डोक्यात आहे, ते वाचू शकणारा माणूस दाराच्या आत आहे, आणि त्याने वाचलेले मी माझ्या पिशवीत लपवून बसले आहे.

सटवाईची एक कथा इरावती कर्वे यांनी १९५०मध्ये 'मॅन' या नियतकालिकात ईडिपसच्या कथेचे मराठी रूप म्हणून नोंदवली, पुढे ए. के. रामानुजन यांनी भारतीय ईडिपसचा शोध घेताना तिचा विचार केला. सटवाईच्या मुलीला आपलेच भविष्य कळते: तिचे लग्न तिच्याच मुलाशी होणार. ते टळावे म्हणून ती माणसांपासून दूर जाते, आणि त्या दूर जाण्यातूनच ते घडते. ही कथा शिकवताना आम्ही भर देतो तो दैवाच्या अटळपणावर. मला आता ती निराळी दिसते. भविष्य तिला कळले नसते तर? ती घरीच राहिली असती. म्हणजे जे सांगितले गेले ते आधीपासून होते म्हणून घडले की सांगितले गेले म्हणून घडले, हे कथा आपल्याला कळू देत नाही. बिसेत्रच्या कोष्टकाच्या तळाशी नेमका हाच पेच आहे. आठच्या खाली गुण असलेल्या बाळावर उपचार करायचे नाहीत. उपचार न केलेले बाळ जात नाही असे क्वचितच. आणि ते गेले की कोष्टक बरोबर ठरते. तेथे सटवाई लिहिते आणि वाचतेही तीच. पुढील काळात काही केंद्रांनी आठच्या खालच्या निवडक अर्भकांवरही उपचार केले आणि त्यांतली काही जगली, तेव्हाच ही रेषा दगडावरची नाही हे दिसले. कोणी तरी नियम मोडल्याखेरीज नियमाची परीक्षा होत नाही, आणि येथे नियम मोडण्याची किंमत एखादे बाळ व त्याचे आईबाप पुढची चाळीस वर्षे देत राहू शकतात.

लाझोनियासांवर अन्याय होऊ नये म्हणून हेही सांगितले पाहिजे. १९८१ ते २००२ या काळात त्यांच्या चमूने पाहिलेल्या ३१७ रुग्णांचा वृत्तान्त त्यांनी २००६ साली प्रसिद्ध केला. त्यांच्या हातून ज्यांच्या शिरा बुजवल्या गेल्या अशा २१६ जणांपैकी २३ दगावले. वाचलेल्या १९३ जणांपैकी १४३ जणांची मेंदूची वाढ सर्वसाधारण झाली, ३० जणांना मध्यम आणि २० जणांना गंभीर मतिमंदत्व आले. ज्या रोगात पूर्वी बहुतेक अर्भके दगावत, त्या रोगाचे हे आकडे आहेत. माझ्यासारख्या निराळ्या शिस्तीच्या माणसाला त्या कामाची थोरवी कौशल्यापेक्षा वाट पाहण्यात दिसते. पाच महिने थांबल्याने धोका पुष्कळ उतरतो, हे ज्याने ओळखले त्याने ते कोष्टक मुळात भाकितासाठी केलेच नव्हते. केव्हा हात घालावा एवढेच ते सांगते. हे मला महिनाभराने कळले, की आमच्या भाषेत त्याला भविष्य म्हणू नये, मुहूर्त म्हणावे. मूल पुढे चालेल का, बोलेल का, याविषयी ते कोष्टक काहीच बोलत नाही. मी त्या रात्री मुहूर्ताला भविष्य समजले होते. अर्थात आठच्या खाली मुहूर्तच नाही, आणि ज्याला मुहूर्त नाकारला त्याच्यापुरते ते भविष्यच.

आपल्या वैद्यांना हा पेच ठाऊक होता. चरकसंहितेचे अख्खे इंद्रियस्थान, बारा अध्याय, मरणाची चिन्हे ओळखण्यासाठी खर्ची पडले आहे. सूत्रस्थानाच्या दहाव्या अध्यायात रोगांचे चार वर्ग येतात: सुखसाध्य, कृच्छ्रसाध्य, याप्य आणि अनुपक्रम. चौथ्यात हात घालणाऱ्या वैद्याच्या धनाची, विद्येची आणि कीर्तीची हानी होते, असे तेथे बजावले आहे. हे वाचून पूर्वी मी वैद्यांच्या व्यवहारी शहाणपणाला हसले होते. पण तिसरा वर्ग पाहावा. याप्य रोग असाध्यच, पण सांभाळता येण्याजोगा. सुश्रुताने त्याला कोसळू पाहणाऱ्या घराला दिलेल्या टेकूची उपमा दिली आहे. साध्य आणि असाध्य यांच्यामध्ये राहता येईल अशी एक जागा भाषेत असणे, ही लहान गोष्ट नव्हे. आधुनिक मराठीने हा शब्द का टाकून दिला, कोणास ठाऊक.

पहाटे पाचच्या सुमारास लघवी झाली. औषधाने झाली, तरी एक गुण. यंत्राने द्यावा लागणारा प्राणवायू थोडा कमी करता आला. आणखी एक गुण. डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, नऊ. हा आकडा मात्र मी सर्वांना सांगितला, दोन भाषांत. आईने चाळीस वर्षे उत्तरपत्रिका तपासलेल्या, तिने बोटांवर हिशेब केला आणि म्हणाली, "एकवीसपैकी नऊ म्हणजे त्रेचाळीस टक्के. पास झाली की गं." सात म्हणजे किती, हा हिशेब तेव्हा मीही मनात करून पाहिला. तेहेतीस. पस्तिसाला दोन कमी.

तिसऱ्या दिवशी दुपारी जांघेतल्या धमनीतून केसासारखी नळी मेंदूपर्यंत नेऊन त्या शिरेत उघडणारी काही मुखे बुजवली. बुजवायला वापरतात तो डिंक, आपण तुटलेल्या कपाचा कान चिकटवायला वापरतो त्याच कुळातला आहे. सगळी मुखे एकदम बुजवत नाहीत. थोडी बुजवून हृदयाचा भार हलका करतात आणि थांबतात. पुढच्या दोन खेपा पाचव्या आणि चौदाव्या महिन्यात झाल्या. सहाव्या रात्री बाळ आतच होते. आईने घरी पाटा-वरवंटा मांडून पूजा केली आणि त्यापुढे कोरा कागद व पेन ठेवले. बाळ नसताना पाचवी-सहावी पुजतात का, असे वहिनीच्या आईंनी विचारले, तेव्हा आई म्हणाली, "तिला पत्ता माहीत असतो."

मी तेव्हाही आकड्याविषयी गप्प राहिले. बाळाचे बारसे झाले, आत्या म्हणून कानात नाव मीच सांगितले, आणि गप्प राहण्याची सवय झाली. वर्षभराने भावाने विम्याच्या कामासाठी सगळी कागदपत्रे मागवली. त्यात तो कागद होता. त्या रात्रीची तारीख, वेळ, पाच रकाने आणि खाली वर्तुळ केलेला सात. त्याने मला फोन केला.

"ताई, हे तुला माहीत होतं?"

मी हो म्हणाले.

"मग तू त्या रात्री भाषांतर केलंस की संपादन?"

मी म्हटले, तुमची रात्र वाचवली. तो म्हणाला, "रात्र आमची होती. सकाळी सहा आले असते तर तिच्यापाशी बसायला आम्हाला तीच एक रात्र होती, आणि मी खाली पाणी गरम करून घेत होतो." यावर माझ्याकडे उत्तर नव्हते, आजही नाही. सकाळी नऊ आले म्हणून माझे गाळणे क्षम्य ठरले, असे आई मानते. पण परिणाम चांगला झाला म्हणून भाषांतर बरोबर ठरत नाही, हे मी जन्मभर शिकवत आले आहे. मराठी भविष्यकाळाची एक खोड आहे. 'तो घरी असेल' या वाक्यात भविष्य नसतेच, अंदाज असतो. एकाच प्रत्ययात 'पुढे होईल' आणि 'बहुधा आहे' हे दोन्ही मावतात. बंगालीतही तसेच आहे. डॉक्टरांचे पहिले वाक्य मला याच प्रत्ययात सांगता आले असते: 'वाचणार नाही, असं असेल, पण ते सकाळपर्यंत थांबतायत.' भाषेने सोय केलेली होती. मीच ती वापरली नाही.

मध्यंतरी भाकीत आणखी मागे सरकले आहे. रक्त ज्या वाटेने शिरेतून बाहेर पडते तिची रुंदी गर्भाच्या एम.आर.आय. चित्रावर मोजली तर जन्मानंतर कोणाचे हृदय ढासळेल, याचा अदमास येतो, असे बॉस्टनच्या डॉक्टरांनी २०२०मध्ये मांडले. १५ मार्च २०२३ रोजी त्याच शहरात चौतिसाव्या आठवड्यातील एका गर्भाच्या मेंदूतील शीर आईच्या पोटात असतानाच बुजवली गेली. सटवाईला सहाव्या रात्रीची वाट पाहण्याची गरज उरलेली नाही. हा वृत्तान्त मी भावाला पाठवला. त्याने वाचल्याचे कळवले, अधिक काही लिहिले नाही.

मुलगी आता तीन वर्षांची झाली आहे. चालायला बावीस महिने लागले. डावा हात उजव्यापेक्षा मागे राहतो. बोलणे उशिरा सुरू झाले. गेल्या जुलैत विकासतपासणी होती, तेव्हा मी हैदराबादेत होते आणि भावाने मला बरोबर येण्यास सांगितले. का, ते बोलला नाही. तेथे पुन्हा एक कोष्टक होते. डॉक्टर बाईंनी विचारले, किती शब्द बोलते? भावाने मराठी शब्द मोजून आणले होते, वहिनीने तेलुगू. भावाचे एकसष्ट, वहिनीचे चौऱ्याहत्तर. रकाना एकच होता. वयाच्या मानाने ती पुरेसे बोलते की नाही, हे त्या बेरजेवर ठरणार होते. बाईंनी विचारले, 'दूध' आणि 'पालु' हा एक शब्द धरायचा की दोन? भाऊ आणि वहिनी दोघांनीही माझ्याकडे पाहिले. मुलगी टेबलाखाली बसून माझ्या पर्समधले कागद काढत होती.

मी म्हटले, मला दोन्ही आकडे लिहायचे आहेत, आणि दोन्ही मी यांना मोठ्याने वाचून दाखवणार आहे. बाई म्हणाल्या, समासात लिहा, जागा आहे.